सहाणेवरचे वळसे आणि डब्यावरचे मिलिग्रॅम

बाळगुटीचं सगळं साहित्य एका लहानशा डब्यात मावतं. हिरडा, बेहडा, मुरडशेंग, वेखंड, जायफळ, हळकुंड, ज्येष्ठमध, अतिविष, काकडशिंगी, सुंठ, खारीक, बदाम. सहाण स्वच्छ धुवायची, तिच्यावर आईच्या दुधाचे किंवा उकळून गार केलेल्या पाण्याचे चार थेंब टाकायचे आणि एकेक जिन्नस ठरलेले वळसे उगाळायचा. वळशांचे आकडे घरोघरी वेगळे असतात, पण एक गोष्ट सगळीकडे सारखी: बदाम-खारकेला हात सैल आणि जायफळाला आखडता. जायफळ जास्त उगाळलं गेलं तर बाळ सुस्त पडून राहतं, हे उगाळणारीला पक्कं ठाऊक असतं. बाळ महिन्याचं आहे की वर्षाचं, शी पातळ होते की खडा होतो, यावर वळसे वाढतात, कमी होतात किंवा तो जिन्नस त्या दिवशी गुटीतून वगळलाच जातो.

बाळाला गुटी द्या असं सांगण्यासाठी हे लिहिलेलं नाही. पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाखेरीज काहीही देऊ नये, हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला योग्यच आहे. ओलसर राहिलेली सहाण आणि बुरशी आलेली खारीक यांच्यामुळे बाळांना जुलाब होतात. गुटीत मध घालण्याची पद्धत तर बंदच व्हायला हवी. वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात मधातल्या बोटुलिझमच्या जंतूंचे बीजाणू रुजतात आणि त्यांच्या विषाने स्नायू लुळे पडतात. वेखंडात बीटा-असारोन नावाचं रसायन असतं, तेही लहानग्यांसाठी निर्धोक नाही. तरीही गुटीच्या त्या पद्धतीत तीन गोष्टी होत्या: मात्रा होती, घेणाऱ्याचं वय आणि प्रकृती पाहणं होतं, आणि कधी थांबायचं याचं भान होतं. आज मेडिकलमधून किंवा मोबाईलवरून मागवलेल्या बाटलीत नेमक्या याच तीन गोष्टी सापडत नाहीत. सापडतो तो ‘१०० टक्के नैसर्गिक’ हा शिक्का.

नैसर्गिक की रासायनिक, आयुर्वेद की ॲलोपॅथी या वादात आपण फार वर्षं घालवली. किती, कोणाला, किती दिवस आणि कशाबरोबर, हे चार प्रश्न खरे महत्त्वाचे आहेत. ज्या बाटलीवर त्यांची उत्तरं नाहीत ती विकायला परवानगी असू नये, मग आत कारखान्यात बनलेलं जीवनसत्त्व असो की सह्याद्रीतली मुळी. ज्या पदार्थाचा शरीरावर गुण येतो त्याचा अवगुणही येऊ शकतो. ‘फायदा झाला तर होईल, नुकसान तर नाही ना’ असं म्हणणारा माणूस त्या औषधात काही गुण नाही असंच नकळत कबूल करत असतो.

पूरक गोळ्यांना सरसकट नावं ठेवणाऱ्यांशीही आमचं जमत नाही. ‘चौरस आहार घ्या, गोळ्या कशाला’ हा सल्ला शाकाहारी माणसाला बी-१२ च्या बाबतीत देणं म्हणजे त्याच्या नसांशी खेळणं आहे. बी-१२ भाजीपाल्यात, डाळीत, कडधान्यात नसतं. दूध-दह्यातून थोडं मिळतं, पण दिवसाला कपभर चहापुरतंच दूध पोटात जात असेल तर ते पुरत नाही. स्पिरुलिना या शेवाळाच्या पावडरीत असतो तो बी-१२ सारखा दिसणारा रेणू आहे, माणसाच्या शरीराला त्याचा उपयोग नाही. त्यात मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीसाठी रोज पॅन्टोप्रॅझोल चालू असेल तर होतं तेही नीट शोषलं जात नाही. तळपायाला मुंग्या येणं, अंधारात चालताना तोल जाणं, जीभ गुळगुळीत होऊन झोंबणं ही लक्षणं ‘वयोमानाने’ म्हणून सोडून दिली जातात, आणि नसांची झीज फार पुढे गेली की ती पूर्ण भरून येत नाही.

इथे लोकांना एक आकडा घाबरवतो. रोजची गरज २.२ मायक्रोग्रॅम आणि गोळी १५०० मायक्रोग्रॅमची! कारण सोपं आहे. जठरातून स्रवणारं एक प्रथिन बी-१२ ला आतड्यात ओढून घेतं, पण त्याची ताकद एका वेळी दीड-दोन मायक्रोग्रॅमपुरतीच असते. त्यापुढचं फक्त सुमारे एक टक्का झिरपतं. म्हणजे १५०० मधले साधारण १५ अंगी लागतात, आणि जादा झालेलं लघवीवाटे जातं. हा मोठा आकडा भीतीचा नाही.

साठ हजार युनिट ‘डी’ जीवनसत्त्वाच्या पाऊचचा आकडा मात्र भीतीचा आहे. रोजची गरज ६०० युनिट धरली आहे, म्हणजे एका पाऊचमध्ये शंभर दिवसांची बेगमी. डॉक्टर ते आठवड्यातून एक, असं साधारण आठ आठवडे देतात आणि मग महिन्यावर आणतात. घोटाळा होतो तो ‘आठवड्याला’ हा शब्द नजरेतून सुटतो तेव्हा. आजोबा दुधात घालून रोज घेत राहतात, किंवा कोर्स संपल्यावरही बरं वाटतंय म्हणून मेडिकलमधून पुन्हा पुन्हा आणला जातो. बी-१२ लघवीतून निघून जातं, तसं हे जीवनसत्त्व जात नाही, ते चरबीत साठतं. रक्तातलं कॅल्शियम हळूहळू चढतं. मग मळमळ, सतत तहान, बद्धकोष्ठता, गळून गेल्यासारखं वाटणं, बोलण्यात विसंगती, आणि मूत्रपिंडं बिघडतात. गोळी बंद केल्यावरही हे कित्येक आठवडे उतरत नाही. ‘ताकदीचं पाऊच’ घेणाऱ्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाला अचानक असं काही होऊ लागलं तर आधी कॅल्शियम तपासा.

आयर्नच्या गोळीचं दुखणं उलट आहे: ती लागते आणि घेतली जात नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयाच्या आढळल्या. सरकारी लाल गोळीत ६० मिग्रॅ लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं, गोळी फुकट मिळते, आणि ती फळीवर पडून राहते. शी काळी होते, पोटात ढवळतं, तोंडाला लोखंडी चव येते, आणि हे होणारच आहे, यात घाबरण्यासारखं काही नाही, हे कोणी नीट समजावत नाही. ज्या घरी घेतली जाते तिथे ती बऱ्याचदा चहाच्या घोटाबरोबर गिळली जाते आणि चहातलं टॅनिन तिला धरून ठेवतं. चहा आणि गोळी यांत निदान तास-दीड तासाचं अंतर हवं. जेवणानंतर दोन तासांनी, लिंबूपाणी किंवा आवळ्याबरोबर घेतली तर ती अधिक शोषली जाते. ढवळत असेल तर रात्री झोपताना घ्या किंवा एक दिवसाआड घ्या, पण सोडू नका. कॅल्शियमची गोळी त्याच वेळी नको, ती दोघं एकमेकांच्या वाटेत येतात. थायरॉईडची गोळी पहाटे रिकाम्या पोटी घेणाऱ्यांनी तर लोह आणि कॅल्शियम दोन्ही चार तास लांब ठेवायची, नाहीतर थायरॉईडचा डोस वाढत जातो आणि कारण कळत नाही.

ज्या घरात आयर्नची गोळी आहे तिथे ती मुलांच्या हाती लागता कामा नये. साखरेचं आवरण असलेली लाल गोळी मुलाला चॉकलेटच वाटते. शरीराच्या दर किलोमागे ६० मिग्रॅ लोह जिवावर बेतू शकतं. दहा किलोच्या मुलाने सरकारी दहा गोळ्या खाल्ल्या की तो आकडा गाठला जातो. उलट्या थांबून मूल मध्येच बरं दिसू लागलं तरी लगेच दवाखान्यात न्यायचं, कारण लिव्हर नंतर बिघडतं.

फॉलिक ॲसिडबद्दल पुण्याच्या कामाचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायका आणि नंतर त्यांची मुलं यांचा पाठपुरावा केला. २००८ साली त्यांनी मांडलं की त्या मातांपैकी सुमारे दोन तृतीयांश जणींमध्ये बी-१२ कमी होतं, फॉलेट मात्र जवळपास सगळ्यांचं पुरेसं होतं. ज्यांचं बी-१२ कमी आणि फॉलेट जास्त, त्यांची मुलं सहाव्या वर्षी इन्शुलिनला सर्वांत कमी दाद देणारी निघाली. फॉलिक ॲसिड गर्भाच्या मज्जारज्जूचं रक्षण करतं, ते बंद करा असा याचा अर्थ नाही. पण शाकाहारी समाजात फॉलिक ॲसिडच्या जोडीला बी-१२ द्यायचं की नाही, हा प्रश्न त्या सहा गावांनी आपल्यासमोर ठेवला आहे. सरकारी गोळीच्या घटकांमध्ये बी-१२ अजून का नाही, हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे.

डब्यावरचे मिलिग्रॅम वाचतानाही फसगत होते. ‘कॅल्शियम कार्बोनेट १२५० मिग्रॅ’ म्हणजे कॅल्शियम ५०० मिग्रॅ, कारण त्या क्षारात कॅल्शियम ४० टक्केच असतं. वनस्पतींच्या अर्कांचं गणित याच्या उलट चालतं. ‘१०:१ अर्क, ५०० मिग्रॅ’ लिहिलेलं असेल तर त्या एका कॅप्सूलमागे पाच ग्रॅम मूळ वनस्पती आटवलेली आहे. चूर्णाचा चमचा आणि अर्काची कॅप्सूल यांना एकाच मापाने मोजणारा माणूस दिवसाला दोन कॅप्सूल घेताना दहा ग्रॅम मुळी खात असतो.

हळदीचंच बघा. सांगलीची चांगली हळद भाजी-आमटीतून दिवसाला अर्धा चमचा पोटात गेली तर तिच्यातलं कर्क्युमिन साधारण ५० मिग्रॅच्या घरात असतं आणि त्यातलंही फारसं रक्तात पोचत नाही. कॅप्सूलमध्ये ९५ टक्के शुद्ध केलेला ५०० मिग्रॅ अर्क असतो आणि सोबत मिऱ्यातलं पायपरीन घातलेलं असतं. बंगळूरच्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवलं होतं की पायपरीनमुळे माणसाच्या रक्तातलं कर्क्युमिन वीसपट वाढतं. जाहिरातीत हे अभिमानाने सांगतात. पण आतड्यातली आणि लिव्हरमधली जी यंत्रणा परक्या पदार्थांची विल्हेवाट लावते, तिलाच पायपरीन रोखतं, म्हणून हा आकडा वाढतो. त्याच यंत्रणेवर फिटच्या फेनिटॉइनसारखी औषधंही अवलंबून असतात. अशा कॅप्सूलमुळे लिव्हरला सूज आल्याचे रुग्ण अमेरिकेत आणि इटलीत नोंदले गेले आहेत. आपल्या आईने फोडणीत घातलेल्या हळदीवर त्यामुळे डाग लागत नाही. हळद हे नाव एकच असलं तरी त्या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

गुळवेलीची गोष्ट तर मुंबईतच उघडकीस आली. कोविडच्या काळात ‘इम्युनिटी’साठी घरोघरी गुळवेलीचा काढा उकळू लागला. २०२१ मध्ये मुंबईतल्या लिव्हरच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या लिव्हरला इजा झाल्याचं प्रसिद्ध केलं, पुढच्या वर्षी देशातल्या १३ केंद्रांनी मिळून ४३ रुग्ण मांडले. शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच लिव्हरवर उलटल्यासारखं चित्र होतं. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला की ही खरी गुळवेल नसून तिच्यासारखी दिसणारी दुसरी जात असावी. तिच्या खोडावर चामखिळीसारखे उंचवटे असतात. हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. पण तो मान्य केला तरी ग्राहकाच्या हाती काय उरतं? वाळवून कुटलेल्या चूर्णात उंचवटे शोधता येत नाहीत. ओळख पटवण्याची जबाबदारी बनवणाऱ्याची आहे, आणि प्रत्येक घाण्याची ओळख-चाचणी सक्तीची का नाही हाच आमचा मुद्दा आहे. तोवर ज्यांना थायरॉईडची, सांध्यांची किंवा त्वचेची स्वयंप्रतिकार व्याधी आहे, ज्यांचं लिव्हर आधीच नाजूक आहे, त्यांनी प्रतिकारशक्ती ‘चेतवणारं’ काहीही स्वतःच्या मनाने घेऊ नये. इतरांनाही सांगावंसं वाटतं: धडधाकट माणसाला जिथे फायदाच मोजता येत नाही तिथे हजारात एखाद्याला होणारी इजासुद्धा महाग पडते.

अश्वगंधेबाबत नियम स्पष्ट आहे आणि तरी पाळला जात नाही. परंपरेने वापरतात ते मूळ. पानात पेशींना मारक ठरणारं विथाफेरीन-ए हे रसायन जास्त असतं आणि पान स्वस्त पडतं, म्हणून अर्कात पान मिसळलं जातं. पानं वापरू नका असं आयुष मंत्रालयाने २०२१ मध्ये उत्पादकांना बजावलं. बाटलीवर ‘मूळ’ हा शब्द नसेल, नुसतं वनस्पतीचं नाव असेल, तर ती खाली ठेवा. गरोदरपणात तर नाहीच, आणि थायरॉईड वाढलेलं असेल तरीही नाही.

कारखाना मध्ये न येताही निसर्ग मारू शकतो याचं सर्वांत साधं उदाहरण दुधी भोपळा. २०१० मध्ये दिल्लीत कडू दुधीचा रस प्यायल्याने एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमली. दुधी, काकडी, दोडका यांच्या कुळात कुकरबिटासिन नावाचं कडू विष असतं. लागवडीच्या जातींत ते दबलेलं असतं, पण एखादं फळ कडू निघतंच. भाजी कडू लागली की आपण पहिल्या घासाला ताट सरकवतो. रस मात्र ‘औषध कडूच असतं’ म्हणून नाक दाबून पेलाभर प्यायला जातो. अर्ध्या तासात उलट्या, रक्ताच्या उलट्या, जुलाब, रक्तदाब कोसळणं. त्यावर उतारा नाही. रस काढण्याआधी दुधीचा छोटा काप जिभेवर ठेवून बघायचा आणि कडू लागला तर अख्खं फळ टाकायचं. दुसऱ्या भाजीचा रस मिसळून कडूपणा झाकायचा नाही.

आयुर्वेदाचे अभ्यासक या सगळ्यावर रागावतील असं आम्हाला वाटत नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात पिंपळी, क्षार आणि मीठ ही तीन द्रव्यं अति प्रमाणात वापरू नयेत असं स्वच्छ सांगितलं आहे. पिंपळी गुणकारी असूनही सतत आणि जास्त घेतली तर दोष वाढवते, असा तिथला युक्तिवाद आहे. म्हणजे मात्रेचा आग्रह बाहेरून आलेला नाही. बचनाग, कुचला, धोत्रा, बिब्बा, पारा अशी विषारी द्रव्यं कायद्याच्या ई-१ परिशिष्टात आहेत आणि ती असलेल्या औषधावर ‘वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे’ ही सूचना सक्तीची आहे. ती इंग्रजी-हिंदीत, मुंगीएवढ्या अक्षरात छापली जाते आणि ज्याला गुडघेदुखीने झोप नाही तो माणूस ती वाचत नाही.

गुडघेदुखीच्या पुडीबद्दल थांबून सांगायला हवं, कारण गावोगावी ती विकली जाते. बिननावाची, कागदात बांधलेली, ‘शुद्ध जडीबुटी’. दोन दिवसांत दुखणं गायब, भूक वाढते, महिन्या-दोन महिन्यांत चेहरा गोल होतो, साखर चढते. हे जडीबुटीचं काम नाही, त्यात स्टिरॉइड कुटून घातलेलं असतं. मधुमेहाच्या ‘देशी’ पुडीत ग्लिबेनक्लामाइडसारखी साखर उतरवणारी गोळी, लैंगिक ताकदीच्या कॅप्सूलमध्ये सिल्डेनाफिल, अशी भेसळ तपासण्यांत वारंवार सापडली आहे. अशी पुडी महिनोन्महिने घेतली असेल तर एकदम बंद करू नका. शरीराने स्वतःचं स्टिरॉइड बनवणं थांबवलेलं असतं, अचानक बंद केल्यास रक्तदाब कोसळतो. पुडी घेऊन डॉक्टरकडे जा आणि उतरत्या डोसाने सोडा.

कायद्याचं काय? एकच वनस्पती बाजारात दोन दारांनी येते. आयुर्वेदिक औषध म्हणून आली तर राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो. पूरक आहार म्हणून आली तर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ आकडी क्रमांक पुरतो आणि डब्यावर ‘औषधी वापरासाठी नाही’ असं छापावं लागतं. मग तोच डबा जाहिरातीत साखर कमी करतो, सांधे मोकळे करतो, लिव्हर ‘डिटॉक्स’ करतो. मधुमेह, कर्करोग यांसारखे आजार बरे करण्याच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. आयुष औषधांच्या जाहिरातींना पूर्वपरवानगी लावणारा नियम १७० हा २०१८ मध्ये आला, २०२४ मध्ये तो वगळण्याची अधिसूचना निघाली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. इतकी ओढाताण एका साध्या अटीवरून, की दावा करण्याआधी तो कोणाला तरी दाखवा!

आमची मागणी मोठी नाही. बाटलीवर मराठीत, वाचता येईल अशा अक्षरात: वनस्पतीचा कोणता भाग, क्षारातलं मूळ द्रव्य किती, जास्तीत जास्त किती दिवस, कोणी घेऊ नये, कोणत्या गोळीबरोबर घेऊ नये. ‘गरोदर स्त्रियांनी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा’ या एका ओळीत सगळं उरकू नये.

आणि डॉक्टरांनाही एक सांगायचं आहे. रुग्ण काढा, चूर्ण, पावडर लपवतात, कारण सांगितलं की ओरडा बसतो. ‘हे काय खात बसलात’ असं एकदा ऐकलेली बाई पुढच्या वेळी काही घेत नाही म्हणूनच सांगते. मग बायोटिनच्या कॅप्सूलमुळे थायरॉईडचा रिपोर्ट चुकीचा येतो आणि नसलेल्या आजारावर उपचार सुरू होतात. रोज ज्येष्ठमधाचा काढा घेणाऱ्याचा रक्तदाब का उतरत नाही ते कळत नाही, गोळ्या तेवढ्या वाढतात. केसपेपरवर ‘ॲलर्जी’च्या रकान्याखाली ‘घरचं, आयुर्वेदिक, जिमचं काय घेता?’ हा रकाना छापायला काही लागत नाही. शस्त्रक्रियेआधी तर भूल देणाऱ्याने हे विचारलंच पाहिजे.

घरात कोणाची लघवी गडद पिवळी झाली, डोळे पिवळट दिसले, अंगाला खाज सुटली, अन्नावरची वासना गेली, तर गेल्या तीन महिन्यांत सुरू केलेली प्रत्येक पूरक गोळी, चूर्ण, काढा त्याच दिवशी थांबवा, डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं मात्र त्यांना विचारूनच. बाटल्या फेकू नका. बॅच नंबर, तारीख आणि उरलेल्या गोळ्या त्यांच्यातच असतात, आणि दोष वनस्पतीचा होता की भेसळीचा, हे त्यांच्यावरूनच कळतं. सगळ्या एका पिशवीत घालून दवाखान्यात न्या. तक्रार नोंदवायला डॉक्टरच लागतो असं नाही; १८००-१८०-३०२४ या भारतीय औषध-सतर्कता कार्यक्रमाच्या टोल-फ्री क्रमांकावर रुग्ण स्वतः सांगू शकतो, मराठी घरातल्या काढ्याबद्दलसुद्धा.